एका रविवारी एकच गोष्ट: पोरं, चित्रांच्या वह्या आणि एक अर्धी गोधडी

रेघोट्या | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

पोरं झोपलीत, उद्याच्या डब्याची चवळी भिजत घातलीय, नवरा रात्रपाळीला गेलाय. बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते. मदत हवीच आहे, पण आधी भरपूर पाल्हाळ लावणार. घाई असेल त्यांनी सरळ शेवटचे दोन प्रश्न वाचा.

मी मूळची चित्रांची. अप्लाइड आर्ट केलं, आठ वर्षं जाहिरातींत काढली. धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली ती सोडलीच. आता घरून लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते, मिळतील तशी. घर भांडुपला. सासूबाई, शिफ्टवाला नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा.

गेल्या वर्षीपर्यंत आमचं फिरणं म्हणजे हजेरीपट होता. राणीच्या बागेत गेलो की पेंग्विन झाले, वाघ झाला, पाणघोडा झाला, चला पुढे. चौघांचं मिळून १०० रुपयांचं तिकीट काढलंय तर ते वसूल झालंच पाहिजे, हे टुमणं माझंच. एकदा असेच दमून घरी आलो आणि सासूबाईंनी धाकट्याला विचारलं, "काय काय पाह्यलंस रे बाळा?" तो म्हणाला, "एका काकांची चप्पल तुटली."

बस. माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे १४० फोटो, त्यात चपलेचा एकही नाही.

त्या रात्री ठरवलं की एका रविवारी एकच गोष्ट बघायची. एक ठिकाण म्हणत नाहीये, एक गोष्ट. तिच्यासमोर बसायचं आणि ती काढायची. फोन पिशवीत. सोबत तीन वह्या, ४बी पेन्सिली, तेलखडूंचा डबा, बसायला जुनी चादर. रबर न्यायचं नाही, नाहीतर लेक दोन तास एकच कान पुसत बसते.

पहिली गोष्ट काढली ती राणीच्या बागेतला दगडी हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे तो. लोक त्याच्या पुढ्यातून पेंग्विनच्या रांगेकडे पळत असतात (मीही पळालेय). हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा म्हणून क्रेनने उचलायला गेले, क्रेनचा दांडा मोडला, हत्ती पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले होते, १९१४ मध्ये जोडून उभे केले. मी हे पोरांना मुद्दाम आधी सांगितलं नाही. तासभर काढत बसलो. लेकीने सोंड काढली, पाय काढले. धाकट्याने एक मोठा बटाटा काढला आणि त्याच्यावर आडव्यातिडव्या रेघा मारत सुटला. मला वाटलं कंटाळला. विचारलं तर हनुवटी वर करून दाखवली (मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरून तीन टाके पडलेत) आणि म्हणाला, "याला पण टाके घातलेत. कुठे पडला होता?"

मी वीस वर्षं चित्रं काढतेय. माझ्या वहीत त्या दिवशी छान छायाप्रकाश होता, पण सांधा एकही नव्हता.

दुसरी फेरी सीएसएमटी स्टेशन. सकाळी सातला, गर्दीच्या आत, समोरच्या फुटपाथवरून. तिथे फक्त प्राणी काढायचे ठरवलं होतं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. वर भिंतीवर मोर, माकडं, पाली. नक्षीचं बरंचसं काम तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जेजेच्या पोरांनी केलंय. मी तिथून रोज लोकल पकडायचे, आठ वर्षं, आणि वर मान करून एकदाही पाहिलं नव्हतं. १८८७ पासून बिचारी माकडं वाट बघतायत.

तिसरी फेरी सपशेल पडली. शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो, सकाळी साडेदहाला पोचलो, तर सगळीकडे पाणीच पाणी आणि पक्षी एक नाही. धाकट्याने रडून जेट्टी डोक्यावर घेतली. शेवटी उभ्या असलेल्या होड्या काढल्या आणि घरी आलो. वहीत लेकीने होडीखाली लिहिलंय, "येथे फ्लेमिंगो नाहीत."

अशा नऊ महिन्यांत बारा फेऱ्या झाल्या. कधी नवऱ्याची पाळी आडवी येते, कधी आमच्या लाइनीला मेगाब्लॉक, कधी नुसताच आळस.

आणि एक सांगते. भेटणारा जो तो म्हणतो, मुलांसाठी किती करतेस गं! मी माझ्यासाठी करते. मुलं बरोबर येतात. पाच वर्षं मी फक्त मागितलेलं काढत होते, ससा, तोही संपादकांना हवा तेवढाच गुटगुटीत. रविवारी नवरा पोरांना उसाचा रस प्यायला नेतो तेव्हा मला चाळीस मिनिटं मिळतात, आणि त्यात मी काय काढते ते कुणीच विचारत नाही.

आता प्रश्न.

१. पोरांच्या बारा चित्रांची गोधडी करायची आहे. प्रत्येक चित्र एका चौकोनावर भरायचं, आत थर सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे. त्यांना गोधडी येते, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, सुईत दोरा ओवता येत नाही. त्या सांगणार, मी शिवणार. माझी शिवणाची मजल बटण लावण्यापर्यंत. कागदावरचं चित्र कापडावर कसं उतरवू? दोरा कुठला?

२. मुंबईतली तुमची "एकच गोष्ट" सांगा. मॉल नको.

---

मनमोकळी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

चपलेला +१००! आमच्याकडे चार दिवस कोकणात फिरवून आणलं, शाळेतल्या निबंधात फक्त "गाडी पंक्चर झाली".

माझी एक गोष्ट: क्रॉफर्ड मार्केटच्या दाराच्या कमानीवरची दगडातली चित्रं. बाजार १८६९ चा. ही शेतकऱ्यांची वगैरे दृश्यं लॉकवुड किपलिंगची. तोही जेजेत शिकवायचा, तेव्हा तुझा गाववालाच. रविवारी सकाळी लवकर जा, एरवी खाली उभं राहून वर बघत बसलीस तर हातगाडीवाले ओरडतील.

---

हातशिलाई | १० फेब्रुवारी, दुपारी २:२०

मी साताऱ्याकडची, आमच्यात वाकळ म्हणतात. आईबरोबर पंचवीसेक तरी शिवल्या असतील. क्रमाने सांगते.

वरच्या चौकोनांना मांजरपाट (कोरं जाडं सुती कापड) घे. घेतलास की आधी रात्रभर पाण्यात टाक, दुसऱ्या दिवशी चोळून धू, वाळव, इस्त्री कर. मांजरपाट आटतो. न आटवता भरलंस तर पहिल्याच धुण्यात तुझ्या हत्तीचा उंदीर होईल. साड्या आधीच शंभरदा धुतलेल्या, त्या काय आटत नाहीत, म्हणून वरचा थर आणि आतला थर भांडतात आणि फुगे येतात.

चित्र उतरवायला काही विकत घेऊ नकोस. दिवसा खिडकीच्या काचेला कागद चिकटव, त्यावर कापड चिकटव, रेघ दिसते. साध्या पेन्सिलने हलकं गिरव. जाड रेघा नसतील तर कागदावर आधी काळ्या स्केचपेनने फिरव (मूळ चित्रावर नको गं, झेरॉक्सवर). पाण्याने जाणारी निळी पेनं मिळतात, ती चालतात, पण रेघ धुऊन जायच्या आत इस्त्री फिरवलीस तर तो निळा कायमचा बसतो. माझ्या मुलीच्या फ्रॉकवर बसलाय.

भरतकामाची लडी सहा पदरी असते. बाह्यरेषेला दोन पदर काढून घे. सरळ रेघेला उलटी टीप (दर टाक्याला सुई जरा मागे नेऊन पुढे काढायची), वळणाला दांडी टाका (तिरके टाके एकमेकांना चिकटून), आणि वळण जितकं लहान तितका टाका लहान. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की वाटतं परत परत ओवायला नको, आणि मग अर्धा वेळ गुंता सोडवण्यात.

बारा चौकोन भरून झाले की एकमेकांना जोड, मग अंथरणं. हे एकटीने करू नकोस. खाली अस्तर, वर साड्यांचे दोन-तीन थर, सगळ्यात वर चौकोनांचा. विरलेला भाग असेल तिथे दुसऱ्या साडीचा धडका भाग येईल असं बघ. चारी कोपऱ्यांवर वजन ठेव, आम्ही पाटे-वरवंटे ठेवायचो. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या बाहेर काढ आणि मधूनच बाहेर मोठे मोठे कच्चे टाके घाल, दाभणाने घातलेस तरी चालेल. मग पक्का धाव दोरा (सुई नुसती खाली-वर करत नेलेला साधा टाका) कडेने सुरू करून आत आत यायचं. सगळे थर सुईला लागलेत का, ते खालून डाव्या हाताच्या बोटाला टोचलं की कळतं. बोट भोकं भोकं होतं, त्याला इलाज नाही.

भरलेल्या चित्रावरून धाव दोरा नेऊ नकोस, बोटभर बाजूने वळवून ने.

सासूबाईंना नमस्कार सांग. ओवून दिलेल्या सुया पंधरा-वीस एकदम उशीत टोचून ठेवल्यास तर त्यांना हातानेही शिवता येईल. धाव दोऱ्याला डोळे कमी लागतात.

---

प्रश्नचिन्ह | १० फेब्रुवारी, रात्री ९:०५

लेख छान. पण थोडं टोचेल असं बोलतो, हलकं घ्या. रविवारी सकाळी सातला सीएसएमटी, तेही दोन मुलांना घेऊन? आमच्याकडे रविवारी बायको आठवड्याची भाजी निवडते, मी पाण्याची टाकी धुतो, पोरगा खाली क्रिकेट खेळतो आणि तो खूष असतो. मुलांना दगडी हत्तीपुढे तासभर बसवणं ही मोठ्यांची हौस. त्यांना पळू द्या की.

---

रेघोट्या | १० फेब्रुवारी, रात्री १०:३०

@हातशिलाई ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "पाटे-वरवंटे" ऐकून हसल्या, मग म्हणाल्या, "बाई जाणकार आहे, फक्त तिला सांग, आम्ही कोपऱ्यावर नातवंडं बसवायचो." सुयांची युक्ती लागू.

@प्रश्नचिन्ह, हौस माझीच, ते तर वरच लिहिलंय. आणि भाजी आमच्याकडे शनिवारी रात्री टीव्हीसमोर निवडली जाते, नवऱ्याच्या हातून. बाकी तुमचं अगदीच खोटं नाही. पाचव्या फेरीला लेक म्हणाली होती, "आज मला काहीच काढायचं नाही." मी जरा लागट बोलले. ती रुसून बाकावर बसली, आणि आमचा तो रविवार गेला. तेव्हापासून वही द्यायची, पण काढायलाच हवं असं नाही. तासभर तर कुणीच बसत नाही हो. पंधरा मिनिटं बसतात, अर्धा तास पळतात, परत येऊन बटाट्यावर चार रेघा मारतात.

---

खाडीकाठ | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

शिवडीचं वाचून राहवलं नाही. आमचा धंदाच पाण्यावरचा, त्यामुळे हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. ताई, गेलात त्या दिवशी तिथी कोणती होती बघा.

हिशेब असा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. पक्ष शुद्ध असो की वद्य, फरक नाही. सहा तास पुढे नाहीतर मागे गेलं की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत जरा उशीरच लागतो. पण कामापुरतं बरोबर येतं.

आता फ्लेमिंगो. ते चिखलात चोच उलटी घालून शेवाळं, बारीक किडे खातात. तोच त्यांचा गुलाबी रंग. पिल्लं राखाडी असतात, तुम्हाला मळकट दिसले तर आजारी समजू नका. भरती पुरी असली की चिखल बुडालेला, पोटाला काही नाही, मग ते काठावर कशाला थांबतील? आणि पुरी ओहोटी असली की चिखल लांबपर्यंत उघडा, मग पक्षीही लांब, तुम्हाला गुलाबी ठिपके. पाणी चढायला लागलं की चिखल मागून झाकत येतो आणि पक्षी पायापायाने काठाकडे सरकतात. तेव्हा जायचं. ओहोटी संपल्यावर दीड-दोन तासांनी.

नोव्हेंबर ते मे त्यांचा मुक्काम. अजून वेळ आहे.

---

रेघोट्या | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

दादा, आत्ता भिंतीवरची दिनदर्शिका मागे उलटून पाहिली. चतुर्दशी होती! चौदा पाऊणे साडेदहा, आणि आम्ही बरोबर साडेदहाला दाखल. भरतीच्या मुहूर्तावर! सासूबाई म्हणाल्या, हे मला माहीत होतं. मग सांगितलं का नाही, तर म्हणे, "तुम्ही मला कुठे विचारलंत? मोबाइलमध्ये बघून निघालात."

---

चष्मिष | ११ फेब्रुवारी, दुपारी १:००

आमचा मुलगा चित्र या शब्दानेच पळतो. त्यामुळे आम्ही आवाजांची वही करतो. जाईल तिथले आवाज तो लिहितो. त्याची आवडती पानं: डबलडेकरचा वरचा मजला. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यांच्या शेवटच्या महिन्यात आम्ही तीनदा जाऊन बसलो. त्याने लिहिलंय, "खडखडखड ट्टण्". मग वातानुकूलित विजेच्या डबलडेकरमध्ये बसवलं, तर पानावर फक्त "सुंssss". बिचारा नाराज झाला.

---

जुनीट्राम | ११ फेब्रुवारी, सायं. ५:३०

माझी एक गोष्ट: दादर टी.टी. येथील काहीही नाही. म्हणजे तेथे आता बघण्यासारखे काही नाही, पण नाव आहे. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. आज किती जणांना माहीत असेल?

३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. मी आठ वर्षांचा होतो. वडिलांनी मला झोपेतून उठवून नेले आणि खांद्यावर घेतले. गर्दी एवढी की ट्राम मला नीट दिसलीच नाही, वरचा भाग आणि लोंबकळणारी माणसे तेवढी दिसली. वडील एरवी अबोल. परत येताना म्हणाले, "आता रस्ता मोकळा होईल."

मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्या. बाहेर जुनी ट्राम ठेवली आहे. मी नातीला घेऊन गेलो होतो. तिने विचारले, "आजोबा, याला दारे का नाहीत?" मला तेथून उठवेना.

---

बोरिवलीकर | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१०

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या पाण्याच्या टाक्या. पोढी म्हणतात त्यांना. लेणी १०९ आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका (धाग्याचा नियमच तो). एका लेण्याबाहेर बसा, पाऊस दगडातल्या पन्हळीतून टाकीत कसा नेलाय ते पोरांना शोधू द्या. खरी मजा जुलैत, पाणी वाहताना. पाय घसरतात, चपला धड घाला. सोमवारी उद्यान बंद.

---

उसवण | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

एक खोडसाळ प्रश्न. तू व्यावसायिक चित्रकार. पोरांची चित्रं कापडावर गिरवताना हात शिवशिवत नाही का गं सुधारायला? मी माझ्या मुलाच्या राखीवरचं नावसुद्धा सरळ केल्याशिवाय राहिले नव्हते.

---

रेघोट्या | १३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

पकडलंस. कालच पहिला चौकोन काचेवर धरला. लेकीचा हत्ती. तिने सोंड डाव्या डोळ्यातून काढलीय. मी गिरवता गिरवता ती जराशी मध्ये घेतली, केसभर. लेक शाळेतून आली, दप्तर न काढता बघत राहिली आणि म्हणाली, "हा माझा नाही."

मी म्हटलं, अगं तुझाच.

"माझी सोंड इथून येते. मी कडेला बसले होते. तिथून तशीच दिसत होती."

जाऊन वही उघडली. ती खरंच कडेला बसली होती, शेजारी धाकटा, समोर मी. तिच्या जागेवरून सोंड डोळ्याला चिकटूनच दिसणार. पुसायला रबर शोधलं. घरात होतं.

---

उसवण | १३ फेब्रुवारी, रात्री ११:३१

आता राखीचं मला झोपू देणार नाही.

---

मनमोकळी | २ एप्रिल, सकाळी ११:००

धागा वर काढतेय. गोधडी कुठवर आली? आम्ही काळा घोडा चौकात गेलो होतो, पोरगी म्हणते तिथल्या पुतळ्यात घोड्यावर माणूस का नाही?

---

रेघोट्या | २ एप्रिल, रात्री १०:५०

कारण माणूस असलेला घोडा राणीच्या बागेत आहे! इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून हलवला. चौकातला आत्ताचा, स्वाराविना, २०१७ चा. आमच्या धाकट्याच्या मते मूळचा घोडा "दगडी हत्तीकडे राहायला गेला".

गोधडी: सात चौकोन झाले. रात्री साडेदहा ते साडेअकरा, रोज नाही. मध्ये एका पुस्तकाचं काम आलं, बावीस चित्रं, ते आधी. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिलं काय केलं असेल? माझा दांडी टाका तपासला. "एवढे लांब टाके? अंगठा अडकेल पोराचा." दीड चौकोन उसवला.

आणि @खाडीकाठ दादा, मागच्या महिन्यात परत गेलो. षष्ठी बघून. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला ओहोटी, म्हणून जेवूनच निघालो, साडेबाराला जेट्टीवर. ऊन मरणाचं होतं. आधी लांब नुसती गुलाबी रेघ होती. मग ती जाड होत गेली. मग तिला पाय फुटले. दीड वाजेपर्यंत त्यांचं गुरगुरणं ऐकू यायला लागलं. कुणीच काही काढलं नाही. धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर होता आणि चक्क गप्प होता. शेवटी मीच म्हटलं, अरे वही घ्या, तर लेक म्हणाली, "थांब ना जरा."

त्यामुळे फ्लेमिंगोचं चित्र नाहीच. गोधडीत होडीचाच चौकोन जाणार, "येथे फ्लेमिंगो नाहीत" सकट.

---

खाडीकाठ | ३ एप्रिल, सकाळी ५:५०

बरं वाटलं. पुढच्या वेळी डोक्याला पंचा बांधा.

---

रेघोट्या | २८ जून, दुपारी ४:१५

झाली! बाहेर धो धो पाऊस, शाळा सुरू, घरात ओल्या कपड्यांचा वास, आणि दिवाणावर ती.

अंथरायला नवरा, मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू. कोपऱ्यांवर खरंच पोरं बसवली, दोनच पुरली, बाकी दोन कोपऱ्यांवर कुकर आणि डाळीचा डबा. धाव दोरा कडेने सासूबाईंनी घातला, मधला मी. माझ्या आणि त्यांच्या टाक्यांची हद्द दुरूनही कळते. त्यांचे तांदळासारखे, माझे शेवयांसारखे.

आतल्या थरात त्यांची एक जांभळी साडी आहे, नवरा जन्मला तेव्हा त्याच्या बारशाला नेसलेली. कडेला जरा दिसते. ती घालू का, असं मी तीनदा विचारलं. "कपाटात ठेवून मी काय ती पुन्हा नेसणारे?"

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. धाकट्याला त्याचा बटाटा, म्हणजे टाके घातलेला हत्ती, तोंडाकडे हवा होता. लेकीला तिचा. मधला तोडगा म्हणून गोधडी आडवी पांघरतात. पाय दोघांचेही उघडे.

---

प्रश्नचिन्ह | २८ जून, रात्री ८:२०

अभिनंदन. सांगायला हरकत नाही, मागच्या महिन्यात पोराला घेऊन राणीच्या बागेत गेलो. हत्तीपाशी थांबलो. चित्र वगैरे नाही. त्याने जोडाचे सांधे मोजले, आमचा आकडा जुळला नाही, परत जावं लागणार.

---

हातशिलाई | २८ जून, रात्री ९:४०

तांदूळ-शेवया! पुढच्या वाकळेला होशील तांदळावर. कच्चे टाके सगळे काढलेस का? मागच्या बाजूला एखादा राहतोच.

---

रेघोट्या | २९ जून, सकाळी ७:०५

राहिला होता. पहाटे नवऱ्याच्या अंगठ्यात अडकला.